ओळंब्याची दोरी

मेट्रनने वाकून लाकडी स्टँडचा मागचा पाय दोन बोटं डावीकडे सरकवला आणि कंबर धरून उभी राहिली. काळ्या कापडाच्या आतून आवाज आला.

"थोडा जास्त झाला."

"थोडा म्हणजे किती?"

"थोडाच."

तिने पाय पुन्हा उजवीकडे ढकलला. सकाळपासून हे सहाव्यांदा चाललं होतं. औषधाच्या दुकानापुढे, रस्त्याच्या कडेला तो जुना कॅमेरा तीन पायांवर उभा होता. पुढे पितळी कड्यातली लेन्स, मध्ये घड्यांचा काळा भाता, मागे दुधी काच. त्या काचेला नाक लावून, डोक्यावरून कापड ओढून घेतलेला तिचा धाकटा भाऊ. त्याची फक्त पाठ दिसत होती आणि ढगळ झालेली पँट. येणारेजाणारे थांबून बघत होते, आणि दोघा-तिघांनी तर शूटिंग कुठल्या सिनेमाचं आहे असंही विचारून झालं होतं.

भावाला घरात सगळे निवांत म्हणत. हे नाव तिनेच ठेवलं होतं, तो सात वर्षांचा असताना, एक बूट घालून दुसऱ्याचा विचार करत बसलेला पाहून. तिला मेट्रन म्हणायचं हे कुणाला ठरवावं लागलं नव्हतं. इस्पितळात चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा खरोखरच मेट्रन म्हणून. निवृत्त झाल्यावर हुद्दा गेला, आवाज राहिला.

"झालं का रे?"

"होतंय."

"'होतंय' हे मी तासाभरापूर्वी ऐकलं. माझ्या वॉर्डात एवढ्या वेळात तीन बाळंतपणं व्हायची."

कापड हललं नाही.

फोटो काढायचा होता तो समोरच्या इमारतीचा. तळमजला आणि वर दोन मजले. तळाला घड्याळ दुरुस्तीचं दुकान, पहिल्या मजल्यावर मेट्रन. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बिल्डरने दोन पुरुष खोल खड्डा खणला होता आणि तेव्हापासून इमारत खड्ड्याकडे कलू लागली होती. आधी मेट्रनच्या स्वयंपाकघराचं दार लागेना. मग जिन्याच्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर पडली. आता तर औषधाची गोळी हातातून पडली की घरंगळत थेट खड्ड्याकडच्या भिंतीपाशी जाऊन थांबत होती. मेट्रन मोबाइलवर फोटो काढून इमारत निरीक्षकाकडे गेली, तर त्याने ते फोटो अंगठ्याने भराभर सरकवले आणि मोबाइल परत केला.

"मोबाइलच्या फोटोत सगळ्याच इमारती कलतात, बाई. माझंही घर कलतं."

"मग जागेवर येऊन बघा."

"माणसं कुठे आहेत? दोन महिने थांबावं लागेल. नाहीतर चांगल्या फोटोग्राफरकडून, चांगल्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो आणा. कॅमेरा सरळ होता आणि इमारत वाकडी, हे मला दिसलं पाहिजे. शुक्रवारी दुपारपर्यंत आणलंत तर बघतो. मग मी फाइल बंद करणार."

दोन महिने इमारत थांबली असती तर मेट्रनही थांबली असती. चांगला फोटोग्राफर तिच्या ओळखीत एकच होता, आणि त्याच्याशी तिचं तीन वर्षं बोलणं नव्हतं. मुलीच्या लग्नात निवांतने याच कॅमेऱ्यासमोर दोन्हीकडची साठ माणसं पाऊण तास उभी केली होती. नवरी घेरी येऊन पडली, जेवणं निवली, व्याह्यांची तोंडं आंबट झाली. तेव्हा सगळ्यांच्या देखत ती म्हणाली होती, "हे धूड पुन्हा माझ्या दारात आणलंस तर याद राख." धूड आलं नाही आणि त्याच्यासोबत तोही आला नाही. सोमवारी तिने फोन केला तो एवढंच बोलायला, "तुझा तो कॅमेरा आहे ना अजून? घेऊन ये." पलीकडून तो म्हणाला, "आहे. येतो." मंगळवारी आठ वाजता येतो म्हणाला आणि दहाला आला.

आल्यावर रस्त्यावरच त्याने पेटी उघडली. आत फडक्यांत गुंडाळलेल्या वस्तू होत्या. भिंग, लेन्सचं झाकण, शटरची लांब केबल, फिल्म ठेवायच्या चपट्या पेट्या. एका फडक्यातून त्याने पितळी ओळंबा काढला, गवंडी वापरतात तसा, दोरी गुंडाळलेला. तळहातावर त्याचं वजन केलं, समोरच्या इमारतीकडे पाहिलं, पुन्हा ओळंब्याकडे पाहिलं.

"हे कशाला?" मेट्रनने विचारलं.

"कॅमेरा सरळ धरायच्या पाणसळीतलं पाणी आटलंय. कधी लागलाच तर असावा."

"मग लाव की."

"बघू. लागला तर."

आणि त्याने तो फडक्यात गुंडाळून परत ठेवला होता.

"ये, बघ," कापडातून आता आवाज आला. तो बाजूला झाला आणि तिला आत घेतलं. आत अंधार होता, आणि लाकडाचा, जुन्या घामाचा वास. समोर काचेवर तिची इमारत होती, खिडक्यांसकट, वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीसकट, पण उलटी, पाय वर करून.

"उलटं आहे हे!"

"लेन्स उलटंच दाखवते."

"चाळीस वर्षं असं उलटं बघून बघूनच तुझं हे असं झालंय."

तो हसल्यासारखा वाटला. ती बाहेर आली, त्याने फिल्मची पेटी कॅमेऱ्याच्या मागे बसवली, फिल्म झाकणारा काळा पत्रा ओढून काढला, केबल हातात घेतली आणि थांबला.

"आता काय?"

"ट्रक."

बिल्डरचा मातीचा ट्रक बरोबर इमारतीसमोर येऊन उभा राहिला होता आणि ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत होता. निवांतने पत्रा परत आत घातला, फुटपाथच्या कडेवर बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. ट्रक आज ना उद्या जाणारच होता, आणि त्याची काही हरकत नव्हती. मेट्रनच्या डोक्याची शीर उडायला लागली. ती रस्ता ओलांडून गेली. ती ड्रायव्हरला काय बोलली ते कुणाला कळलं नाही, पण तंबाखू तोंडात जायच्या आत ट्रक निघाला.

"काढ!" ती रस्त्यापलीकडून ओरडली.

निवांतने पुन्हा कापडात डोकं घातलं, शेवटचं एकदा काहीतरी सारखं केलं, मग बाहेर आला. केबल दाबली. कसलासा बारीक आवाज झाला, घड्याळाच्या टिकटिकीएवढा.

"एवढंच?" मेट्रन म्हणाली.

"एवढंच," तो म्हणाला. "आता एकच फिल्म राहिली. नवीन मागवायला महिना लागतो."

बुधवारी दुपारी तो फोटो घेऊन थेट कचेरीच्या दारात आला, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत जपून धरलेला. तिने वर जाताना पाहिलाच नाही. पाहिला तो निरीक्षकाच्या टेबलावर, उलट्या बाजूने. निरीक्षकाने आधी नुसता पाहिला, मग खणातून फूटपट्टी काढली आणि इमारतीच्या कडेला लावली.

"बाई, फोटो सुंदर आहे. भिंतीवरचा पोपडासुद्धा मोजून घ्यावा."

"मग?"

"इमारत सरळ आहे."

"काय?"

"एकदम सरळ. बघा ना, कागदाच्या कडेला समांतर." त्याने फूटपट्टी पुढे सरकवली. "कललाय तो तुमच्या दारातला विजेचा खांब. त्याची तक्रार माझ्याकडे नाही, वीज खात्याकडे करायची. तिसरी खिडकी, मागच्या इमारतीत."

मेट्रनने फोटो फिरवून समोर घेतला. इमारत खरोखरच ताठ उभी होती, बांधली त्या दिवशीसुद्धा एवढी ताठ नसेल. दारातला खांब, फाटकाचे दोन्ही दगडी खांब, दुकानाच्या पायरीवर उभा असलेला घड्याळवाला, सगळे जरा जरा उजवीकडे झुकले होते. ती फोटो उचलून जिना उतरली. जिन्यात तिने कुणाला धक्का मारला, कुणाची माफी मागितली नाही. निवांत आवारातल्या बाकावर बसला होता.

"तू इमारत सरळ केलीस."

त्याने फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"अरे," तो म्हणाला.

"अरे काय अरे! मी तुला वाकडी इमारत काढायला बोलावलं. एकच काम. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तुला म्हणालं की वाकडं असू दे, आणि तू..."

"हात गेला, ताई."

"म्हणजे?"

"काचेवर रेघा आखलेल्या असतात. उभ्या, आडव्या. भिंत रेघेला लागत नसली की हात आपोआप जातो. कॅमेरा जरासा फिरवला असणार मी. शेवटच्या क्षणी." त्याने फोटोतल्या घड्याळवाल्यावर अंगठा ठेवला. "बँका, शाळा, हॉटेलं, चाळीस वर्षं हेच केलं. प्रत्येक जण म्हणायचा, सरळ दिसली पाहिजे. आता काचेवर वाकडी इमारत बघवतच नाही मला."

"तुला बघवत नाही! मला तिच्यात राहायचंय!"

आवारातली माणसं वळून बघायला लागली. मेट्रनला एकदम रडू येईल असं वाटलं, आणि रडू येतंय याचाच तिला अधिक राग आला. मुलगी परदेशी, म्हातारपणी बिऱ्हाड पाठीवर घेऊन जायचं कुठे? ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि पर्समधला रुमाल शोधत राहिली. निवांतने फोटो पुठ्ठ्यात घातला. तो सहसा करत नसे ते त्याने केलं, चटकन उठला.

"उद्या सकाळी आठ," तो म्हणाला. "ओळंबा लावू."

गुरुवारी तो पावणेआठलाच आला. मेट्रनने दार उघडलं आणि घड्याळाकडे पाहिलं, मग पुन्हा त्याच्याकडे.

"बादली हवी," तो म्हणाला. "पाण्याने भरून."

बादली आणायला ती आत गेली. परत आली तेव्हा तो बैठकीच्या खोलीत भिंतीसमोर उभा होता. भिंतीवर लग्नातला तो साठ माणसांचा फोटो होता. पोस्टाने आला तसा तिने फ्रेम करून लावला होता. त्याला कधी कळवलं नव्हतं. खाली व्याही, वर पाहुणे, मधोमध घामाघूम नवरी, घेरी येण्याच्या दोन मिनिटं आधीची. सगळ्यांचे चेहरे असे स्पष्ट की कोण कुणावर चिडलंय तेही दिसावं. मेट्रन सर्वांवर चिडलेली दिसत होती. निवांतचा हात फ्रेमच्या कोपऱ्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

"फ्रेम सरळ आहे," ती म्हणाली. "दार वाकडं झालंय, म्हणून तसं वाटतं. मीही दोनदा फसले."

"लावलास होय," तो म्हणाला.

"रिकामी भिंत बरी दिसत नव्हती. धर ही बादली."

घड्याळवाला गच्चीवर गेला आणि त्याने खड्ड्याकडच्या कोपऱ्यावरून ओळंबा खाली सोडला. दोरी वर भिंतीच्या कोपऱ्याला चिकटली होती. खाली येता येता ती भिंतीपासून सुटत गेली आणि जमिनीपाशी दोहोंत अर्धी वीत अंतर पडलं. मेट्रन ते अंतर बघत राहिली. दार लागत नव्हतं, गोळ्या घरंगळत होत्या, तरी मनात कुठेतरी तिला वाटत होतं की निरीक्षक म्हणतो तसं आपलंच काही चुकत असेल. चुकत नव्हतं, आणि याचा आनंद मानावा की भीती वाटून घ्यावी ते तिला कळेना.

वाऱ्याने दोरी झुलायला लागली. निवांतने बादली खड्ड्याच्या काठावर ठेवून ओळंबा पाण्यात बुडवला. पाण्याने त्याला धरून ठेवलं. दोरी हळूहळू थांबली.

मग तो कापडात शिरला. या वेळी फार वेळ लागला नाही.

"दोरी उभ्या रेघेवर आणली," आतून आवाज आला. "ताई, बाजूचा स्क्रू घट्ट कर. पितळी, तुझ्या उजव्या हाताला."

"तू कर की."

"नको. तू कर. माझा हात पुन्हा जाईल."

तिने स्क्रू पिळला, सलाइनच्या स्टँडचा पिळायची तसा, दोनदा पिळून वर एकदा. तो बाहेर आला. फिल्म घातली, पत्रा ओढला आणि दोन पावलं मागे सरकला. कॅमेरा आणि तो यांच्यामध्ये मेट्रन जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. त्याने केबल लांब धरली आणि दुसरा हात स्वतःच्या पाठीमागे नेला.

"बघू नकोस तिकडे," ती म्हणाली.

"नाही बघत."

केबल दाबताना त्याने खरंच डोळे मिटून घेतले.

शुक्रवारी निरीक्षकाने फोटोवर फूटपट्टी दोनदा लावली, एकदा दोरीला, एकदा भिंतीला. मग खिशातून चष्मा काढून खालचं अंतर पाहिलं. त्याचा चेहरा पहिल्यांदाच कामाचा झाला. त्याने फोन उचलला, कुणाशी तरी तुटक बोलला, मग एका छापील कागदावर लिहायला लागला. खणणं आजपासून बंद, खड्ड्याला आतून आधार देईपर्यंत आणि भिंतीला टेकू लावेपर्यंत. शिक्का मारून त्याने कागद तिच्यापुढे केला. मेट्रनने तो तिथेच उभ्या उभ्या दोनदा वाचला.

"पण एक सांगू, बाई?" निरीक्षक फोटो फाइलला लावत म्हणाला. "एवढा खटाटोप कशाला केलात? ही दोरी सोडली असती ना, तर तुमचा मोबाइलचा फोटोसुद्धा चालला असता. दोरी थोडीच कलते? कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं."

मेट्रनला मंगळवारची सकाळ आठवली, पेटीतून निघालेला ओळंबा, त्याने तळहातावर केलेलं त्याचं वजन, इमारतीकडे टाकलेली नजर, आणि पुन्हा फडक्यात नीट गुंडाळणं. बघू, लागला तर. तीन दिवस! तीन दिवस हा माणूस स्टँडचे पाय सरकवत होता, ती रस्त्यात ओरडत होती, बाकावर बसून रुमाल शोधत होती. जिना उतरताना ती त्याला सुनावायची वाक्यं जुळवत होती, आणि ती चांगली जुळत होती.

निवांत परवाच्याच बाकावर बसला होता. कॅमेऱ्याची पेटी मांडीवर होती. कदाचित साहेबांना बघायचा असेल, म्हणून सकाळी तो ती घेऊन आला होता. तिला बघून तो उभा राहायला गेला आणि पेटीच्या वजनाने पुन्हा खाली बसला.

"काय झालं?"

"थांबवलं. आजपासून." तिने कागद दाखवला.

त्याने कागद पूर्ण वाचला, शिक्क्यासकट. मग घडी घालून परत दिला.

"आणि फोटोला काय म्हणाला?"

जुळवलेली सगळी वाक्यं मेट्रनच्या जिभेवर होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. दाढीचा एक पट्टा राहून गेला होता. घाईने केली असणार. वेळेवर यायचं म्हणून.

"म्हणाला, हा कॅमेरा नसता तर हे काम झालंच नसतं."

निवांतने मान डोलावली. पेटीच्या पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग तिच्याकडे न बघता हळूच विचारलं,

"दोरीबद्दल काही बोलला नाही?"

"दोरीबद्दल कशाला बोलेल?"

"नाही, सहज."

"नाही बोलला."

तो मान जराशी तिरपी करून तिच्याकडे बघायला लागला, कॅमेऱ्याच्या काचेकडे बघायचा तसा. मेट्रन ताठ उभी राहिली. मग तिला ते असह्य झालं, आणि तिने बाकाला टेकवलेला स्टँड उचलून काखेत मारला.

"चल, ऊठ. रविवारी मुलगी सुट्टीवर येतेय, जावई येतोय. जेवायला ये."

तो उठला. पेटी खांद्याला लावली.

"फिल्म संपल्या, ताई," तो म्हणाला. "नवीन यायला महिना लागेल."

"मग नुसता ये," मेट्रन म्हणाली आणि फाटकाकडे चालू लागली. "आणि बारा म्हणजे बाराला."